शिशाची गोळी व तिचे पर्याय : निर्बंधाच्या वादाची शास्त्रीय बाजू

बंदुकीच्या गोळीचा विचार आपण बहुधा ती ज्यास लागते त्याच्या संदर्भात करतो. परंतु सुटलेल्या गोळ्यांचा व छऱ्यांचा फार मोठा भाग कोणासच लागत नाही; तो शेतात, तळ्यात किंवा मैदानामागील मातीच्या बांधात जाऊन पडतो. जो लागतो त्याचाही काही अंश सावजाच्या देहात राहून पुढे दुसऱ्या प्राण्याच्या वा माणसाच्या पोटात जातो. गोळी ज्या धातूची असते तो धातू विषारी असल्यामुळे या उरलेल्या शिशाचे काय होते हा प्रश्न गेली सुमारे सव्वाशे वर्षे शास्त्रज्ञांसमोर आहे, आणि गेल्या चार दशकांत तो कायद्याच्याही कक्षेत आला आहे. शिशाच्या दारूगोळ्यावर निर्बंध घालावेत काय, घालावयाचे तर कोठपर्यंत, आणि शिशाची जागा घेण्यास कोणते धातू समर्थ आहेत, यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कोल्हापुरास हा विषय परका नाही. संस्थानी अमदानीत येथील शिकारीची ख्याती मोठी होती. पाळलेले चित्ते सोडून काळवीट धरण्याचा येथील प्रकार तर शिशाच्या कणाचाही उपयोग न करणारा होता, हे जाता जाता नमूद करण्याजोगे आहे. राधानगरी-दाजीपूरचे जंगल हे छत्रपतींचे राखीव शिकारक्षेत्र होते. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने हौशी शिकारीचे युग संपले. तथापि बंदूक या जिल्ह्यातून गेली नाही. तिचे प्रयोजन मात्र पालटले. एका बाजूस ती क्रीडासाधन झाली. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक पटकाविले, आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले. दुसऱ्या बाजूस डोंगरी तालुक्यांत पीकसंरक्षणाची बंदूक आजही शेतकऱ्याच्या घरी आहे. या दोन्ही ठिकाणी वापरले जाणारे द्रव्य शिसेच होय.

१. शिसेच का ?

शिशाची निवड कोणी एका दिवशी विचारपूर्वक केलेली नाही. ती त्या धातूच्या गुणांतून आपोआप झाली. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम आहे, म्हणजे लोखंडाच्या जवळजवळ दीडपट. त्याचा वितळणबिंदू अवघा ३२७ अंश सेल्सियस असल्यामुळे ते साध्या चुलीवरही ओतता येते. ते मऊ आहे. त्यामुळे दारूच्या दाबाने गोळी किंचित फुगून नळीतील आट्यांत घट्ट बसते, मागील वायू निसटत नाही, आणि नळीही झिजत नाही. शिवाय ते स्वस्त आहे.

घनतेचे महत्त्व स्पष्ट होण्यासाठी थोडे गणित करणे इष्ट ठरेल. गोल छऱ्याचे वस्तुमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि हवेचा विरोध ज्या पृष्ठावर होतो ते छेदक्षेत्र व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेग टिकवून धरण्याची छऱ्याची क्षमता घनता व व्यास यांच्या गुणाकारावर अवलंबून राहते. २.८ मिलिमीटर व्यासाच्या शिशाच्या छऱ्याचे वजन सुमारे ०.१३ ग्रॅम भरते. त्याऐवजी ३.३ मिलिमीटरचा पोलादी छर्रा घेतल्यास वजन ०.१५ ग्रॅम होते, म्हणजे ते कमी नाही, थोडे अधिकच आहे. परंतु घनता व व्यास यांचा गुणाकार मात्र सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. याचा अर्थ असा की, पोलादी छर्रा सुटताना दुबळा नसतो. तो दूर जाताना अधिक लवकर मंदावतो. पुढील वादातील निम्मे मतभेद या एका गोष्टीभोवती फिरतात.

याच गणिताची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. बत्तीस ग्रॅमच्या एका काडतुसात वरील आकाराचे शिशाचे सुमारे अडीचशे छर्रे मावतात. पक्ष्यास त्यांतील मोजकेच लागतात. उरलेले दोनशेहून अधिक छर्रे प्रत्येक बारासरशी निसर्गात विखुरले जातात.

२. वादाचा आरंभ : पाणपक्षी

दात नसलेले पक्षी अन्न दळण्यासाठी वाळूचे खडे गिळतात, आणि ते पेषणीत साठवितात. तळ्याच्या तळाशी पडलेला छर्रा व असा खडा यांतील भेद बदकास कळत नाही. गिळलेला छर्रा पेषणीच्या स्नायूंनी घासला जातो, जठररसातील आम्लाने विरघळतो, आणि काही दिवसांत शिसे रक्तात उतरते. पक्ष्याचे पंख लोंबू लागतात, पचनमार्ग लुळा पडतो, आणि अन्न समोर असूनही तो उपासमारीने मरतो. अशा विषबाधेची वर्णने अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाली होती. जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८९४ सालीच या गोष्टीकडे लक्ष वेधले होते. परंतु मेलेले बदक एकेकटे झुडपात जाऊन मरते व कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी जाते. त्यामुळे हानीचा आकडा दृष्टीस पडत नाही. इलिनॉय राज्यातील फ्रँक बेलरोझ यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रथमच व्यापक अंदाज मांडला गेला : उत्तर अमेरिकेतील पाणपक्ष्यांपैकी दरसाल दोन ते तीन टक्के या विषाने मरत असावेत.

या अंदाजापासून कायद्यापर्यंत पोहोचण्यास आणखी तीन दशके लागली. १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचे छर्रे वर्ज्य ठरले. या निर्बंधाचा परिणाम मोजण्याचा प्रयत्नही झाला, ही गोष्ट विशेष महत्त्वाची. मिसिसिपी पट्ट्यातील बदकांच्या पेषण्या तपासून अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली असा निष्कर्ष काढला की, १९९७ च्या एका शरद ऋतूत सुमारे चौदा लक्ष बदके या नियमामुळे वाचली. निर्बंधाच्या बाजूने जो पुरावा दिला जातो त्यांत हा सर्वांत भक्कम म्हटला पाहिजे, कारण त्यात केवळ हानीचे वर्णन नाही; उपायानंतर हानी घटल्याचे मोजमाप आहे.

युरोपात नेदर्लंड्सने १९९३ मध्ये व डेन्मार्कने १९९६ मध्ये सर्वच शिकारीतून शिशाचे छर्रे हद्दपार केले. डेन्मार्कने १ एप्रिल २०२४ पासून रायफलीच्या गोळ्यांतील शिशावरही बंदी आणली. युरोपीय संघाच्या सर्व पाणथळ प्रदेशांत १५ फेब्रुवारी २०२३ पासून शिशाचे छर्रे निषिद्ध आहेत.

३. गिधाडे व मांसाहार

रायफलीच्या गोळीचा प्रश्न निराळ्या वाटेने पुढे आला. वेगवान गोळी हाडामांसात शिरताच फुटते, आणि तिचे शेकडो सूक्ष्म कण जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत पसरतात. क्षकिरणांच्या चित्रात ते हिमकणांसारखे दिसतात. शिकारी आतडी जागेवरच टाकून देतो. ती गिधाडे खातात. कॅलिफोर्नियातील काँडोर जातीची गिधाडे १९८२ साली अवघी बावीस उरली होती. बंदिवासात पैदास करून १९९२ पासून ती पुन्हा रानात सोडण्यात आली, तेव्हा त्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण शिसे असल्याचे आढळले. हे शिसे कोठून येते हा वादाचा मुद्दा होता. शिशाच्या समस्थानिकांची परस्पर प्रमाणे खाणीगणिक भिन्न असतात. पक्ष्याच्या रक्तातील प्रमाण दारूगोळ्यातील शिशाच्या प्रमाणाशी जुळते, असे २००६ च्या व त्यानंतरच्या अभ्यासांनी दाखविले. २०१३ साली कॅलिफोर्नियाने वन्यप्राण्यांवरील सर्व शिशाच्या दारूगोळ्यावर बंदी घालणारा कायदा केला, आणि १ जुलै २०१९ पासून तो पूर्णपणे अमलात आला.

येथे आपल्याकडील अभ्यासकांनी एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. भारतातील गिधाडांचा जो भयानक ऱ्हास झाला त्याचे कारण शिसे नव्हे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने तो घडविला, हे २००४ साली सिद्ध झाले, आणि २००६ मध्ये त्या औषधाचे पशुवैद्यकीय उत्पादन बंद करण्यात आले. अमेरिकेतील निष्कर्ष उचलून तो सह्याद्रीवर लागू करणे हे अशास्त्रीय ठरेल. मात्र एका विषाने मोजकी उरलेली जमात दुसऱ्या विषाच्या अल्प मात्रेनेही संकटात येऊ शकते, हेही तितकेच खरे.

माणसाच्या बाबतीत, शिशाची कोणतीही मात्रा निश्चितपणे सुरक्षित म्हणता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. शिसे शरीरात कॅल्शियमचे सोंग घेऊन वावरते. रक्तद्रव्य घडविणाऱ्या विकरांच्या कार्यात अडथळा आणते, आणि बालकांच्या वाढत्या मेंदूस इजा करते. रक्तातील शिसे सुमारे महिन्याभरात निम्मे होते, परंतु हाडांत शिरलेले शिसे दशकानुदशके राहते. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात २००८ साली सातशे छत्तीस व्यक्तींची तपासणी झाली. शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तात दर डेसिलिटरला सरासरी ०.३० मायक्रोग्रॅम शिसे अधिक आढळले. ही वाढ अल्प आहे. निर्बंधाचे विरोधक तिच्या अल्पतेकडे बोट दाखवितात, आणि समर्थक तिच्या निश्चिततेकडे. दोघेही एकाच आकड्याविषयी बोलत असतात.

४. पर्यायी धातू

पर्यायांचा विचार करताना छर्रे व गोळी यांची गल्लत होऊ देता कामा नये; दोहोंची गरज भिन्न आहे.

छऱ्यांसाठी सर्वांत रुळलेला पर्याय मृदू पोलादाचा होय. त्याची घनता ७.८६ असल्यामुळे दोन क्रमांक मोठा छर्रा घ्यावा, असा शिकाऱ्यांतील व्यवहारनियम आहे, आणि वर दिलेले गणित त्याचेच समर्थन करते. पोलाद कठीण असल्याने ते नळीस घासू नये म्हणून प्लॅस्टिकची वाटी लागते, आणि ही वाटीच पुढे निसर्गातील कचरा होते. पातळ भिंतींच्या जुन्या नळ्यांना पोलाद सोसत नाही. दगडावर आदळून उलट उडण्याची शक्यताही अधिक. तथापि पोलादाने सावज नीट मरत नाही हा आक्षेप मात्र प्रयोगात टिकलेला नाही. टेक्सासमध्ये होल्यांच्या शिकारीवर झालेल्या एका अभ्यासात शिकाऱ्यांना कोणते काडतूस कोणत्या धातूचे हे सांगितलेच नव्हते; शिसे व पोलाद यांच्या परिणामात लक्षणीय फरक आढळला नाही, आणि शिकाऱ्यांनाही तो ओळखता आला नाही. नेम चुकण्याचे खापर धातूवर फोडता येत नाही, असा याचा इत्यर्थ.

बिस्मथाची घनता ९.७८ म्हणजे शिशाच्या जवळ आहे. ते ठिसूळ असल्याने त्यात थोडे कथील मिसळतात. जुन्या बंदुकांना ते चालते, परंतु ते महाग आहे. टंगस्टनची घनता तर १९.३, म्हणजे शिशाहूनही पुष्कळ अधिक. मात्र किंमतही त्याच मानाने चढी. या दोन्ही धातूंच्या पुरवठ्यात चीनचे वर्चस्व आहे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या देशाने दोहोंच्या निर्यातीवर नियंत्रणे लादली. जे पर्यायी द्रव्य एका शासनाच्या मर्जीवर अवलंबून असते त्याच्या भरवशावर कायदा करणे कितपत शहाणपणाचे, हा प्रश्न यामुळे उभा राहिला. शिवाय पर्याय म्हणजे निर्विष, असे समीकरण मांडता येत नाही. जस्त पक्ष्यांना घातक आहे. टंगस्टन, निकेल व कोबाल्ट यांच्या एका मिश्रधातूचे कण उंदरांच्या स्नायूंत रोवले असता अर्बुदे उद्भवल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक नव्या द्रव्याची स्वतंत्र परीक्षा झाली पाहिजे, हा त्यापासून घ्यावयाचा धडा.

शिकारी रायफलीसाठी एकसंध तांब्याची गोळी हा पर्याय आज सुस्थिर झाला आहे. ती फुटून कण न होता फुलासारखी उमलते. अमेरिकी लष्करानेही २०१० पासून तांब्याचा गाभा व पोलादी टोक असलेली गोळी वापरात आणली. परंतु नेमबाजीच्या स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या लहान व्यासाच्या रायफलीस हे उत्तर पुरत नाही. तिची गोळी सुमारे २.६ ग्रॅम शुद्ध मऊ शिशाची असते, आणि नळीतील आट्यांचा पीळ त्याच वजनाला व लांबीला जुळवून ठरविलेला असतो. हलका व कठीण धातू घेतल्यास गोळी एक तर लांब करावी लागते किंवा हलकी. दोन्ही प्रकारी ती त्या पिळाशी जुळत नाही. पन्नास मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे क्रीडापटू अद्याप शिसे का सोडीत नाहीत ते समजते. येथे अडचण सवयीची नसून अचूकतेची आहे.

५. विरोधी पक्षाचे म्हणणे

निर्बंधास विरोध करणाऱ्यांचे सर्वच आक्षेप स्वार्थमूलक नाहीत. त्यांचा पहिला मुद्दा असा की, पक्षी मेल्याने जाती नष्ट होतात असे नाही. व्यक्तीची हानी व समष्टीची हानी या भिन्न गोष्टी होत. दुसरा, खर्चाचा भार लहान शिकाऱ्यावर व शेतकऱ्यावर पडतो. तिसरा, कायद्यापेक्षा मनपरिवर्तन श्रेयस्कर. नॉर्वेने २००५ साली घातलेली सरसकट बंदी २०१५ मध्ये पाणथळ प्रदेशांबाहेर मागे घेतली, याचा दाखला ते देतात. अमेरिकेतही जानेवारी २०१७ मध्ये संघीय अभयारण्यांसाठी काढलेला बंदीचा आदेश दोन महिन्यांच्या आत सत्तांतरानंतर रद्द झाला. शास्त्रीय पुरावा तोच असताना धोरण पालटले, यावरून हा वाद केवळ शास्त्राचा नाही हे उघड होते.

यांतील तिसऱ्या मुद्द्याची कसोटी ब्रिटनमध्ये लागली. तेथील नऊ शिकारसंघटनांनी फेब्रुवारी २०२० मध्ये पाच वर्षांत स्वेच्छेने शिसे सोडण्याचा संकल्प जाहीर केला. बाजारातील फेझंट पक्ष्यांच्या देहांतील छरे संशोधकांनी दर हंगामात तपासले. पाचव्या हंगामातही बहुतेक सर्व पक्षी शिशानेच मारलेले निघाले. अखेर जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश शासनाने कायद्यानेच निर्बंध आणण्याचे जाहीर केले. स्वेच्छेचा मार्ग तत्त्वतः सुंदर असला, तरी ज्याची काडतुसे स्वस्त त्याला एकट्याला किंमत मोजावयास लावणारा कोणताही संकल्प टिकणे कठीण, असेच या अनुभवावरून दिसते.

६. नेमबाजीची मैदाने

या वादात शिकार पुढे व क्रीडा मागे, असा क्रम दिसतो. परिमाण पाहू जाता तो उलटा ठरतो. युरोपीय रसायन संस्थेच्या अंदाजानुसार युरोपात दरसाल सुमारे ४४,००० टन शिसे निसर्गात जाते, व त्यातील ५७ टक्के क्रीडानेमबाजीतून येते, ३२ टक्के शिकारीतून, आणि उरलेले मासेमारीतून. फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने निर्बंधाचा मसुदा सदस्य राष्ट्रांपुढे ठेवला. त्याच्या पूर्वतयारीच्या चर्चेत, जी मैदाने बहुतांश शिसे परत गोळा करू शकतील त्यांना सवलत द्यावी, हे तत्त्व प्रमुख होते.

हिशेब सोपा आहे. एखादा रायफलपटू दिवसास शंभर गोळ्या व वर्षास अडीचशे दिवस सराव करतो असे गृहीत धरल्यास तो वर्षात पासष्ट किलोग्रॅम शिसे झाडतो. हवेच्या बंदुकीची गोळी सुमारे अर्ध्या ग्रॅमची. तेवढ्याच सरावात तेरा किलोग्रॅम होते. हे सारे शिसे पडद्यामागील पेटीत वा बांधात एकत्र पडते, ही त्यातील सोयीची बाजू. ते उचलता येते, वितळविता येते, विकताही येते. उडत्या तबकड्यांवरील नेमबाजीत मात्र चोवीस ग्रॅमचे एकेक काडतूस मोकळ्या मैदानावर विखुरते. सव्वाशे तबकड्यांच्या एका पात्रता-फेरीत एका खेळाडूकडून किमान तीन किलोग्रॅम. निर्बंधाची पहिली गरज असेल तर ती तेथे आहे.

खेळाडूच्या आरोग्याचा प्रश्न याहून निकट आहे. काडतुसाच्या टोपीत लेड स्टिफ्नेट हे स्फोटक असते. चाप ओढताच त्याची शिसेयुक्त वाफ नेमबाजाच्या तोंडासमोर सुटते. बंदिस्त व अपुऱ्या हवेच्या दालनांत सराव करणाऱ्यांच्या व तेथील कर्मचाऱ्यांच्या रक्तात शिसे वाढल्याचे अनेक देशांतील अभ्यासांनी दाखविले आहे. हवेच्या बंदुकीस टोपी नसल्याने तेथे हा धोका पुष्कळ कमी. परंतु बोटांना लागलेली शिशाची पूड उरतेच. राजारामपुरीत राहणारा एखादा शाळकरी मुलगा सरावावरून घरी येतो, हात न धुता डबा उघडतो, आणि तेच कपडे धाकट्या भावंडाच्या कपड्यांत टाकतो, असे धरून चालू. प्रौढाच्या आतड्यातून गिळलेल्या शिशाचा सुमारे दशांश भाग रक्तात जातो, तर लहान बालकाच्या आतड्यातून जवळजवळ निम्मा. म्हणजे मैदानावर न गेलेले भावंड त्याच धुळीपासून अधिक शिसे शोषून घेऊ शकते.

७. आपल्या परिसराचा विचार

दुधाळीच्या मैदानाने व विभागीय क्रीडा संकुलाने या शहरास नेमबाज दिले. या परंपरेस धक्का लावण्याचा विचार कोणीही करणार नाही. परंतु तिच्या मातीचे व मुलांचे परीक्षण करणे हा तिचा उपमर्द नव्हे. जमिनीत पडलेल्या शिशावर हवा व पाणी यांच्या संयोगाने कार्बोनेटाची पांढरट साय चढते. जमीन चुनखडीयुक्त असेल तर ही साय टिकते, व शिसे फारसे हलत नाही. जमीन आम्लधर्मी असेल तर ती विरघळते. कोल्हापूरच्या पूर्वेकडील काळी जमीन पहिल्या प्रकारची, तर पश्चिमेकडील जांभ्याची जमीन दुसऱ्या प्रकारची होय. परंतु जांभ्यातील लोहाची ऑक्साइडे शिसे धरूनही ठेवतात. शिवाय गगनबावड्याच्या बाजूस शहराच्या कित्येक पट पाऊस पडतो. विरघळलेले नसले तरी बारीक कण त्या पाण्याबरोबर वाहून जाऊ शकतात. परस्परविरोधी अशा या तीन क्रियांचे फलित काय, हे परदेशी मैदानांच्या अहवालांवरून सांगता येणार नाही. त्यासाठी येथीलच माती तपासावी लागेल.

पीकसंरक्षणाच्या बंदुकीचा प्रश्न वेगळा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. वन्यजीव अधिनियमाच्या ११ व्या कलमाखाली उभ्या पिकाची नासाडी करणारा प्राणी परवानगीने मारता येतो, आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रानडुक्कर व नीलगाय यांच्यासाठी अशा परवानगीची पद्धत घालून दिली. ज्याच्या उसात वा भातात रात्री डुकरांचा कळप शिरतो त्याला धातूंच्या घनतेचे कोष्टक दाखविणे व्यर्थ आहे. पोलादी छर्रे त्याच्या जुन्या नळीस मानवणार नाहीत, आणि बिस्मथ त्याला परवडणार नाही. त्याच्यापुरते दोन साधे उपाय संभवतात. मारलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरावे. त्यामुळे गिधाडे, घारी व कोल्हे यांच्या पोटात शिसे जाणार नाही. तसेच छर्रे घरी ओतले जात असतील तर ते स्वयंपाकाच्या चुलीवर व मुलांच्या वावरात ओतू नयेत.

प्रमाणाचे भान मात्र सोडता कामा नये. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी बालकांच्या रक्तात शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरला पाच मायक्रोग्रॅम वा अधिक असावे. त्यास प्रामुख्याने जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडण्याचा व्यवसाय आणि तत्सम कारणे जबाबदार आहेत. दारूगोळ्याचा वाटा त्यात नगण्य आहे. पेट्रोलमधील शिसे २००० साली गेले, व घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी दशलक्षांश ९० ची मर्यादा आली. राष्ट्राच्या हिशेबात जो अंश नगण्य तोच एखाद्या नेमबाज मुलीच्या बाबतीत प्रमुख असू शकतो, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पाणथळ व मोकळ्या जागेतील छऱ्यांवरील निर्बंधाच्या बाजूने पुरावा निर्णायक आहे, व पर्यायही उपलब्ध आहेत. शिकारी रायफलीच्या बाबतीत तांब्याची गोळी व्यवहार्य ठरली आहे. लहान व्यासाच्या स्पर्धात्मक रायफलीस मात्र समतुल्य पर्याय आज नाही. तेथे शिसे बंद करण्यापेक्षा ते परत गोळा करणे, दालनात हवा खेळती ठेवणे, आणि खेळाडूंच्या रक्ताची नियमित तपासणी करणे हाच योग्य मार्ग दिसतो. रक्तात पाच मायक्रोग्रॅम शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक सूचना त्यासाठी आधारभूत मानता येईल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी यात सुलभ व उपयुक्त असे तीन विषय आहेत. पहिला, नेमबाजीच्या मैदानातील मातीत अंतर व खोली यांनुसार शिशाचे प्रमाण, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर. दुसरा, खेळाडूंच्या व त्यांच्या घरातील लहान मुलांच्या रक्तातील शिशाची, त्यांच्या संमतीने व तुलनागट घेऊन, पाहणी. समस्थानिकांच्या साह्याने दारूगोळ्याचे शिसे बॅटरीच्या वा रंगाच्या शिशापासून वेगळे करता आल्यास तिचे मोल वाढेल. तिसरा, परवानगीने मारलेल्या रानडुकरांच्या देहांतील कणांचे क्षकिरणचित्रण. पहिल्या विषयास फावडे, नमुन्यांच्या पिशव्या आणि प्रयोगशाळेतील नित्याचे उपकरण एवढेच लागते. आणि नमुने घेण्याचे काम मृग नक्षत्र लागण्यापूर्वी सुरू व्हावयास हवे.